देवानंद सर आन् दोन रंगांची पेशी

देवानंद सरांचं दुसरं लग्न म्याच जमवलं. म्हणून त्या घरात भांडं वाजलं का धडधड माह्या छातीत! मी जयवंता, त्यायची शेजारीण. अकोल्यात आमच्या गच्च्या एकमेकीले लागून हायेत.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. भल्ला सपनाळू माणूस! दूध घ्याले निघाला त रस्त्यातल्या पाण्यावर पसरलेलं तेल पाहत उभा राहीन, आन् घरी चहा काळाच. पहिली बायको वच्छला तापात गेली. मंग गीतांजली आली, संग तिची पोरगी आरती. सरांची चंदा दहा वर्साची. तिनं मायच्या साड्यांची वाकळ कोपऱ्यात अंथरली आन् तिच्यावर कोणाले पाय ठेवू देईना. "मी मोर्शीले मामाकडेच राहीन," म्हणे. गजेंद्रमामा तिले सकाळी न्याले येणार होता, कायमचाच. सरांच्या गळ्याखाली घास उतरेना. मले त लग्न जमवल्याची लाज वाटून राहिली होती.

आदल्या संध्याकाळी लाइन गेली. कूलर बंद, घर तव्यासारखं तापलेलं. चौघंही त्यायच्या गच्चीवर आले; मी माह्या गच्चीवर होतीच. आभाळ अजून तांबूस होतं. खाली कोणीतरी अंगणात पाणी शिंपून राहिलं होतं, त्याचा थंड वास वर येई. सर आडवे होऊन झोपेत बोलल्यासारखे बोलू लागले.

"लोकाईले वाटे, पेशीचं आवरण भिंतीसारखं घट्ट असन. मंग अमेरिकेत शास्त्रज्ञायनं माणसाची एक पेशी आन् उंदराची एक पेशी जोडून दोघींची एक केली. माणसाच्या आवरणावर लाल खुणा, उंदराच्यावर हिरव्या. आदी दिसली अर्धी लाल, अर्धी हिरवी. घंटाभरही नाई झाला, त दोनी रंग तरंगत तरंगत एकमेकांत गेले. थंडीत ठेवलेल्या पेशी मात्र तशाच राहिल्या. तवा समजलं, आवरण भिंत नाई, दाट तेलासारखं वाहतं."

"अकोल्यात कुठची थंडी!" गीतांजली बोलली. आरती हसली. चंदा नाई हसली.

म्या मनात म्हटलं, अरे बाप्पा, पोरगी घर सोडून चालली आन् हा माणूस उंदीर सांगून राहिला!

तेवढ्यात चंदानं इचारलं, "मंग लाल रंग मिटला काय, बाबा?"

तवा कुठं मले समजलं, पोरगी कशाले भेत होती ते.

सर उठून बसले. "नाई बेटा. लाल लालच राहिला. फक्त एका बाजूले नाई राहिला, साऱ्या पेशीभर झाला."

चंदा उठून खाली गेली. म्या म्हटलं, पिशवी भराले गेली असन.

ती वर आली त खांद्यावर मायची वाकळ. उभी न टाकता तिनं ती आडवी टाकली. चौघायच्याही पाठीखाली थोडी थोडी आली.

"नीट झोप," आरतीवर खेकसली, "माह्या मायची हाय."

मी पदर तोंडात कोंबून रडली.