गळ्याची दाढी

दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी पोरानं सांगितलं, "अप्पा, आता वस्तरा बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत. कापलं तर लवकर थांबायचं नाय." आणि औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं बॅटरीचं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण कुणाच्या हुकमानं कधी तोंड धुतलेलं नाही. ते मशीन एकदा गालावर फिरवलं. भुंग्यागत घूं घूं आवाज आणि केस तिथल्या तिथं. ठेवून दिलं.

दाढी झाल्याशिवाय माझी सकाळ होत नाही. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्याकडं भरवसा नसतो, तरी दाढीचा तांब्या मी आधी बाजूला काढतो. ऊन पाणी, पितळी वाटीत साबणाचा फेस, चामड्याच्या पट्ट्यावर सटसट ओढलेला वस्तरा. पातं कानाखालून उतरताना खर्र खर्र असा बारीक आवाज येतो, तो आपला आपल्यालाच ऐकू येतो. मग ओली तुरटी. गाल आवळून येतात. वर खोबरेल तेलाचे दोन थेंब. एवढा वेळ मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा पेशंट नसतो.

"रक्ताचा एक थेंब दिसला ना," पोरगं म्हणालं, "त्याच दिवशी वस्तरा भंगारात."

मी रोज त्याच्या आधी उठून उरकायला लागलो. एक दिवस उशीर झाला. गाल बिनघोर झाले. गळ्याशी आलो अन् हात हलला. कातडी ढिली पडलीय आता, पात्याखाली गोळा होते. हनुवटीखाली चर्र झालं. तुरटी दाबली. पंचा दाबला. पंचा लाल.

बायको भांडी घेऊन मोरीत आली.

"काय झालं?"

"काय नाय."

"काय नाय म्हणं! सरका." तिनं माझ्या हातातली तुरटी घेतली आणि अंगठ्यानं गळ्यावर दाबून धरली.

बाहेरून पोरगं ओरडलं, "आई, अप्पा कुठायत?"

"मोरीत. तू जा, कंपनीची बस चुकंल."

"आवाज का येत नाय त्यांचा?"

"तोंडाला फेस हाय त्यांच्या!"

मला आवंढासुद्धा गिळता येईना. बुटांचा आवाज दारापर्यंत आला, थांबला, मग गेला. फाटक वाजलं. तिनं अंगठा उचलला. पुन्हा लाल रेघ उतरली. पुन्हा दाबलं.

"आता थांबलं नाय तर मीच त्याला फोन करणार. ऐकून ठेवा."

खरं सांगतो, जिवापेक्षा मला वस्तऱ्याची धास्ती होती. तो भंगारात गेला तर उद्यापासून कुणीतरी दुसरं माझं तोंड धरून घासणार, लेकराचं घासतात तसं.

बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. तिनं वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"दे इकडं."

"गाल तुमचे, गळा माझा. कबूल असंल तर उद्या देते."

"बाईमाणसाकडून दाढी करून घेऊ? गल्ली हसंल."

"मग गल्लीकडूनच करून घ्या."

दोन-तीन दिवस तसाच हिंडलो. गळा खाजायला लागला. आरशात बघवेना. शेवटी एका सकाळी पाणी ऊन केलं, फेस केला, आणि तिच्यापुढं हात केला. तिनं गाठ सोडली.

गाल मी केले. मग तिनं चष्मा चढवला, माझं डोकं मागं रेटलं. दोडक्याच्या शिरा काढाव्यात तशी वरून खाली पातं ओढायला लागली.

"इतकं दाबू नको," मी म्हणालो.

"लग्न झाल्यापासून तुमचंच ऐकतेय. आता हलू नका अन् बोलूबी नका."

पातं गळ्यावर होतं. 

झाल्यावर तिनं तुरटी फिरवली आणि विचारलं, "कशी झाली?"

हात फिरवून पाहिला. हनुवटीच्या खाली चार खुंटं तशीच राहिली होती.

"झाली," म्हणालो.