गावानं लपवलं, मशीननं ओरडून सांगितलं

पारनेरच्या दवाखान्यात मला नोकरी लागली तेव्हा मी तिथं नेमकं काय करणार, हे आईला कोणालाच समजावून सांगता येईना. मी नगरच्या कॉलेजातून स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आईनं सोपा मार्ग काढला. "दवाखान्यात लागलीय," एवढंच ती सगळ्यांना सांगायची. परिणाम असा झाला की समोरच्या काकू संध्याकाळी गुडघा घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, मी गुडघा बघत नाही, गुडघे मोजते." काकूंना ते कळलं नाही आणि मला हसू आवरेना. त्या वयात मला कशाचंही हसू यायचं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, मला पहिला पगार मिळणार होता, आणि रोज सकाळी एसटीच्या खिडकीत बसून पारनेरला जाताना आपण काहीतरी भन्नाट करायला निघालोय असं वाटायचं.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. तिथले मोठे डॉक्टर पन्नाशीचे, किडकिडीत आणि कायम घाईत असायचे. जेवतानाही ते उभेच. परदेशातल्या एका मित्रानं दिलेल्या देणगीतून त्यांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माळ्यावर नेलं. तिथं जुन्या केसपेपरांचे गठ्ठे छताला टेकले होते.

"हे बघ," ते म्हणाले, "रोज माणसं तपासतो आम्ही. हा येतो, तो जातो. सकाळी मी असतो, दुपारी दुसरा डॉक्टर असतो. एखाद्या गावात काहीतरी पसरतंय हे आम्हाला कळतं कधी? माणसं बैलगाडीत घालून आणतात तेव्हा. ते आधी कळलं पाहिजे. तुझ्या मशीनला जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. जमेल की नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच होतं. चपला बाहेर काढायच्या, पडदा ओढायचा, मशीनवर भरतकाम केलेलं कापड. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर या खोलीच्या पुजारीण. सगळा स्टाफ त्यांना टरकून असायचा, पण कॉम्प्युटरपुढं बसल्या की त्या शाळकरी मुलीसारख्या व्हायच्या. एका बोटानं त्या रोजचे केसपेपर भरायच्या, म्हणजे पेशंटचं गाव, वस्ती, वय आणि आजार. प्रत्येक अक्षर सापडलं की "हां!" म्हणायच्या. सबंध दुपार खोलीतून "हां... हां..." ऐकू यायचं.

मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. कल्पना साधी होती. प्रत्येक गावातून एरवी आठवड्याला किती पेशंट कोणत्या आजाराचे येतात, हे मशीन लक्षात ठेवणार. आकडा नेहमीपेक्षा फारच वर गेला, की काळ्या पडद्यावर त्या गावाचं नाव लुकलुकणार आणि मशीन ओरडणार.

पहिल्यांदा चालवला तेव्हा ते ओरडलं आणि थांबेचना. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप घेऊन पळत आले. पडद्यावर तालुक्यातली जवळजवळ सगळी गावं लुकलुकत होती.

"अगं, काय झालं काय?" डॉक्टर ओरडले.

मी बघितलं. 'पेक्षा जास्त'च्या जागी 'पेक्षा कमी'ची खूण पडली होती. जी जी गावं धडधाकट होती, त्या सगळ्यांच्या नावानं मशीन बोंबलत होतं. हे सांगताना मला इतकं हसू आलं की वाक्य पुरं होईना, आणि डॉक्टर, जे कधी हसत नाहीत असं मला सांगितलं होतं, ते दाराची चौकट धरून हसायला लागले.

मग गावांच्या नावांचा घोळ निघाला. सगळं इंग्रजी अक्षरांत भरायचं होतं. एकाच वाडीचं स्पेलिंग सिस्टर एक करायच्या, क्लार्क दुसरं करायचा आणि मी तिसरं. मशीनच्या हिशेबी त्या तीन वेगवेगळ्या वाड्या. शेवटी प्रत्येक गावाला एकेक नंबर दिला आणि सिस्टरांनी ते नंबर पाढ्यांसारखे पाठ केले. पुढं पुढं त्या पेशंटला पाहूनच म्हणायच्या, "हा एकेचाळीस नंबरचा दिसतोय."

असे काही महिने गेले. चैत्र लागला, उन्हं तापली, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या. एका सकाळी सिस्टरांनी आदल्या दिवसाचे केसपेपर भरले, मी प्रोग्रॅम चालवला आणि मशीन ओरडलं. एकच नाव लुकलुकत होतं. डोंगराखालचं एक लहान गाव होतं ते. आजार जुलाब.

आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "खूण नीट आहे ना?"

खूण नीट होती. मी केसपेपर पुन्हा काढून पाहिले. खरंच, रोज थोडे थोडे लोक त्या गावातून येऊन गेले होते. कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी मधल्या सुटीत, वेगवेगळ्या डॉक्टरांकडं. प्रत्येकानं एवढंच सांगितलेलं, जरा पोट बिघडलंय. मी वस्तीप्रमाणं यादी छापली. प्रिंटर कर्र कर्र करत कागद ओढू लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. जवळजवळ सगळे एकाच आळीतले होते, खालच्या आळीतले.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि ओपीडी दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून ते तडक जीपकडं निघाले. "चला दोघी!" मीही? मी तर आकड्यांची बाई! पण सिस्टरांनी माझा दंड धरला, सलाइनच्या बाटल्या, जलसंजीवनीची पाकिटं आणि पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरचा डबा जीपमध्ये टाकला, आणि आम्ही सुटलो. रस्ता असा होता की बोललं तर जीभ चावली जायची. खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण आनंदानं छाती फुटेल असं झालं होतं. आपण लिहिलेल्या ओळींनी ही जीप पळवली होती!

गावात पोचलो तर चावडीपुढं मांडवाचे वासे रोवायचं काम चाललं होतं. सरपंचबाई पदर खोचून पुढं आल्या. बायकांना सरपंचपद मिळू लागलं त्या पहिल्या खेपेतल्या त्या, तिशीच्या आतबाहेरच्या.

"या, डॉक्टर, या. आज इकडं कशी वाट वाकडी केली?"

"गावात जुलाबाची साथ आहे म्हणून आलो," डॉक्टर म्हणाले.

"साथ? छ्या! आमच्याकडं समदं बेस हाय. कुनी सांगितलं तुमाला?"

त्या हे म्हणत असतानाच त्यांच्यामागून एक गृहस्थ टमरेल घेऊन लगबगीनं ओढ्याकडं गेले. सरपंचबाईंनी तिकडं न बघता आवाज चढवला, "कुनाला शिंक बी आली न्हाई!" तेवढ्यात दुसरे गृहस्थ निघाले, पहिल्यापेक्षा जोरात. मग तिसरे चक्क पळत. मी ओठ आवळले, नाकातून आवाज आला. सिस्टरांनी मला चिमटा काढला, पण त्यांचे स्वतःचेच खांदे हलत होते. सरपंचबाईंनी मागं वळून पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि त्यांनाही फुटलं. हसता हसता त्या मांडवाच्या वाशाला टेकल्या.

"काय करू, डॉक्टर? यात्रा तोंडावर आली. साथ हाय म्हनून बोभाटा झाला तर पाव्हनं येत्याल का? पोरीबाळी माह्यारी येनार व्हत्या. म्हनून ठरवलं, येकेकट्यानं दवाखान्यात जायाचं आन् गुपचूप यायाचं. पर तुमाला कळलं कसं? कुनी फितूर झालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्या मशीननं सांगितलं."

सरपंचबाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी आरपार बघणारी कोणी असावे.

खालच्या आळीत शिरलो तेव्हा मात्र हसू थांबलं. एका घरात एक म्हातारी बाजेवर पडली होती. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, हाताची कातडी ओढली तर तशीच उभी राहात होती. डॉक्टरांनी तिथंच आढ्याच्या खुंटीला बाटली टांगून सलाइन लावलं. तिची सून दाराशी रडत होती. "ह्यास्नी दवाखान्यात न्ह्यायचं तर समद्यास्नी दिसलं आस्तं," ती म्हणाली. सरपंचबाईंचा चेहरा उतरला. त्या तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आजी जरा सावरल्या तशी त्यांना जीपमधून पारनेरला पाठवून दिलं आणि जीप परत यायला सांगितली.

मग पुढचं काम. डॉक्टर म्हणाले, "एकाच आळीत का? वरच्या आळीचं पाणी कुठलं?"

"टाकी येकच हाय," सरपंचबाई म्हणाल्या, "पर खालच्या आळीचा पाइप येगळा. त्या गटारीखालनं जातोय."

आम्ही तिघंही गटारीकडं पाहातच राहिलो. दुसऱ्या मिनिटाला सरपंचबाईंनी मांडव घालणाऱ्यांना हाक मारली. कुदळी आल्या. सगळी आळी गोळा झाली. पाइपाचा जोड उघडा पडला तो पार फुटलेला, आणि त्यात गटारीचं पाणी झिरपत होतं. कोणीतरी "घावलं!" म्हणून ओरडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाय चिखलात, साडीचा काठ चिखलात, तरी वाजवल्या. फुटक्या पाइपाला इतक्या टाळ्या मिळालेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

त्या पाइपाचं पाणी बंद केलं, टाकीत टीसीएल टाकली. सिस्टरांनी पारावर बायकांना जमवून जलसंजीवनी करायला शिकवली. पाइप बदलला जाईपर्यंत खालच्या आळीनं वरच्या आळीतून पाणी भरलं. त्यावरून रोज भांडणं झाली म्हणे, पण जुलाब ओसरले. मी रोज प्रोग्रॅम चालवायचे आणि श्वास रोखून बसायचे. मशीन गप्प. आणि आजी चार घास खाऊ लागल्यावर सिस्टरांना, सुईला आणि सलाइनला मनसोक्त शिव्या घालत स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

यात्रेच्या आदल्या दिवशी सरपंचबाई दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "उद्या सत्कार हाय. तुमी समद्यांनी यायाचं. पर मुख्य पाव्हना दुसराच हाय."

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी कॉम्प्युटरकडं हात केला.

मला वाटलं डॉक्टर नाही म्हणतील. ते म्हणाले, "गोधड्या कुठायत?"

कॉम्प्युटर दोन गोधड्यांत गुंडाळून जीपनं गेला. कुस्त्यांचा हगामा सुरू व्हायच्या आधी त्याला व्यासपीठावर टेबलावर मांडलं आणि लाउडस्पीकरवाल्याच्या जनरेटरवरून करंट घेतला. माहेरवाशिणी आल्या होत्या, पाळणे फिरत होते, रेवड्यांचे ढीग लागले होते. गुरुजी माइकवर म्हणाले, "आता आपल्या गावाची नाडी परीक्षा करणाऱ्या पाहुण्यांचा सत्कार!" आणि एका पैलवानानं, अगदी गंभीर चेहऱ्यानं, मॉनिटरला गुलाबी फेटा बांधला. शाल, श्रीफळ, हार. हार जरा मोठा होता, तो कीबोर्डवर येऊन पडला. मी बटण दाबलं आणि पडद्यावर गावाचं नाव फुल्याफुल्यांच्या मोठ्या अक्षरांत उमटलं. रात्रभर नव्हे, पण सबंध दुपार खपून मी ते केलं होतं. जमलेल्या माणसांनी असा गलका केला की पाळण्यातली पोरंही ओरडायला लागली. पुढं बसलेल्या सलाइनवाल्या आजींनी उठून पडद्यावर हात ठेवला. "ऊन लागतंय," त्या म्हणाल्या. "जित्तं हाय."

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते कोणाला दिसू नये म्हणून रेवडी तोंडात टाकली.

परतताना ऊन कलत होतं. फेटा सोडायचं कोणाच्याच जिवावर आलं, म्हणून मॉनिटर तसाच माझ्या मांडीवर होता. वाटेत एका फाट्यावर जीप हळू झाली तेव्हा एसटीची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी फेटा पाहिला, हार पाहिला, टोपी काढली आणि मनोभावे हात जोडले. डॉक्टरांनीही गंभीरपणे मॉनिटरच्या वतीनं हात उंचावून आशीर्वाद दिला. मग सिस्टरांच्या हातातल्या सगळ्या रेवड्या जीपभर सांडल्या, ड्रायव्हरनं हसून हसून गाडी कडेला घेतली, आणि कोणीतरी शहाण्यासारखं वागेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. बराच वेळ थांबलो.