मॅमथचा दुसरा सुळा

चित्राकाकूंच्या वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तोच पडवीतून हेमा ओरडली, "काकू, एकच सुळा?"

नौपाड्यातल्या त्या चाळीत चित्राकाकू दर भाद्रपदात शाडूचा गणपती स्वतः घडवीत. साच्याचं नाव काढलं की नाक मुरडत. म्हणून १९५४ च्या हिवाळ्यात शेजारच्या हेमानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्याकडूनच मॅमथ करून घेतला. हेमाची मास्तरकी नवी, तात्पुरती. नमुना चुकीचा निघाला तर मांडायचा नाही, असं मुख्याध्यापकांनी बजावलेलं. आणि प्रदर्शन उद्यावर.

काकू पदराला हात पुसत आल्या. उंच माथा, उतरती पाठ, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. पण एक सुळा भला लांब आणि दुसरा चक्क मोडका! काकूंनी जीभ चावली.

"अगं, बोटांना सवय ती! एकदंत करून बसले की!"

"हसताय काय? माझी नोकरी जाईल!"

"जात नाही. कागद भिजव बघू."

वाळल्या शाडूला ओली माती धरत नाही. काकू कागदाच्या लगद्यात डिंक मळू लागल्या, तसं तोंडही सुरू झालं.

"हा आपल्या हत्तीचा आजोबा ना गं?"

"नाही हो, चुलत घराणं. मॅमथांतला हा फार जुना, उबदार रानातला. अंगावर दाट लोकर नाही. पुढं थंडी वाढली, तशी याच्या वंशाला लोकर आली. मग तेही संपले."

"अगंबाई! चुलत म्हणजे सुतक आलं."

"लाखो वर्षं झाली, काकू."

"मग नुसती आंघोळ पुरे." आणि हेमाला एवढं हसू फुटलं की हातातला कागद तिनं बादलीतच सोडला.

दुसऱ्या दिवशी काकूही हेमाबरोबर शाळेत आल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा सावरत दोन्ही सुळे न्याहाळले. "बाई, लोकर कुठाय?"

हेमानं उबदार रानापासून सगळं धडाधड सांगितलं. मुलं गोळा झाली. तेवढ्यात कुणाची तरी आजी मॅमथच्या पायाशी जास्वंद ठेवून नमस्कार करून गेली. हेमानं काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत राहिल्या.

"छान," मुख्याध्यापक म्हणाले. "प्रदर्शन परवापर्यंत आहे. याचा लोकरवाला वंशजही शेजारी मांडा, म्हणजे घराणं पुरं दिसेल."

हेमा 'हो' म्हणेपर्यंत काकूंनी पिशवी उचललीसुद्धा. त्या काथ्या आणायला बाजारात निघाल्या.