बियाण्याच्या गोदामातल्या बाई

बंद पडलेलं कुठलंही यंत्र दिसलं की बाई आधी त्यावर तळहात ठेवायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. मग समोरच्या माणसाला म्हणायच्या, "खोला." समोरचा गडबडायचा. "मले नाई जमत बाई," म्हणायचा. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "काऊन नाई?"

हे "काऊन नाई?" म्हणजे "का नाही?", पण ते त्या विचारायच्या नाहीत, ठणकावायच्या. मी स्वतः ते अनेकदा ऐकून घेतलं आहे. बाई तेलंगणातल्या आदिलाबादला आमच्याच गल्लीत राहायच्या आणि मी ज्या ऑफिसात कारकून आहे त्या ऑफिसाचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. माझी नोकरी अजून बाकी आहे.

रिटायर झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सकाळी फिरायला जातात, औषधांच्या वेळा पाळतात, सुनेबद्दल बोलतात. बाईंनी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पोरांना मोटारी आणि वायरिंग शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आठवड्याभरात पैनगंगेच्या काठच्या एका गावात पंचायतीचं बियाण्याचं रिकामं गोदाम मागून घेतलं. परवानगी तोंडी. तिथं त्या गावातल्या मोठ्या माणसांना फुकट इंजिनिअरिंग शिकवणार होत्या. आम्ही गल्लीवाले हसलो. मी जरा जास्तच हसलो.

त्यांचा कायदा असा होता की पंचविशीच्या आतल्या कुणाला घ्यायचं नाही. "पोराइसाठी शाळा हायेत. ज्याइची शाळा सुटली, त्याइच्यासाठी मी हाये," असं त्या म्हणायच्या. फी म्हणून घरातली एक बिघडलेली वस्तू आणायची. कुणी फवारणीचा पंप आणला, कुणी मिक्सर, एकीनं नवऱ्याच्या डोक्यात मारून फुटलेली बॅटरी आणली. बाईंनी कारण विचारलं नाही. ज्यानं वस्तू आणली त्यानंच ती खोलायची, त्यानंच जोडायची आणि चालू झाली की घरी न्यायची. पुस्तक नाही, फळा नाही. कापूस वेचून आलेल्या बाया हात धुऊन बसायच्या आणि चार वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत गोदामात पान्ह्यांचा आवाज चालायचा.

आमच्या साहेबांना हा आवाज खुपला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना कागद नसलेली गोष्ट दिसली की अस्वस्थ व्हायचं. संस्थेला मान्यता नाही, शिकणाऱ्यांना सर्टिफिकेट नाही, विजेचं काम, उद्या कुणी मेलं तर? सबब पंधरा दिवसांत गोदाम रिकामं करावं. ही नोटीस मीच टाइप केली आणि तामील करायला मलाच पाठवलं.

बाईंनी नोटीस वाचली, घडी घातली आणि ती मोडक्या इस्तरीखाली ठेवली. "आलेच हायत तं हे टोक धरा, भाऊ," म्हणाल्या. मी सरकारी माणूस, नोटीस घेऊन आलेला, आणि तासभर तारेचं टोक धरून उभा राहिलो. निघताना मी म्हणालो, "बाई, ऐका माझं. बंद करा. ऑफिसशी कुणी जिंकत नाही."

"काऊन नाई?"

मला त्यांचा भयंकर राग आला. साठी उलटलेली बाई, ना मूल ना बाळ, कशाला हा ताप? आता वाटतं, तो राग नव्हता. मी ज्या साहेबांपुढं मान खाली घालून बसतो त्यांच्यापुढं एक बाई मान वर करून उभी होती, ते मला सोसत नव्हतं.

त्याच पंधरवड्यात, ऐन मे महिन्यात, गावची पाण्याची मोटार जळाली. टाकी कोरडी पडली. बाया शेतातल्या विहिरींवरून पाणी आणायला लागल्या. साहेब गावात आले, बरोबर मी होतो. शहरातल्या ठेकेदारानं आठ दिवसांचा वायदा दिला होता. साहेब ते सांगत होते तेवढ्यात गर्दीतून बाई पुढं आल्या.

"आमी करतो," म्हणाल्या.

साहेब हैदराबादकडचे, बाईंशी हिंदीतून बोलायचे. "मॅडम, सर्टिफिकेट किसके पास है?"

"किसी के पास नहीं."

"और मोटर नहीं चली तो?"

बाईंनी गोदामाची किल्ली काढली आणि पंचायतीच्या टेबलावर ठेवली. "तो ये आपकी. नोटीस की भी जरूरत नहीं."

त्या किल्लीत त्यांचं सगळं होतं हे तिथं माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज दोन बस बदलून येणं, पेन्शनीतून आणलेली तार, म्हातारपणाची सगळी ताकद, सगळं त्या टेबलावर.

बोअरच्या मोटारीची तार भरणं हे दोघांचं काम असतं. एकानं मोटारीच्या खाचेतून तार ओवायची, पलीकडून दुसऱ्यानं ओढायची, बाज विणतात तशी, आणि प्रत्येक फेरा ओवणाऱ्यानं मनात मोजायचा. मोटारीला तीन फेज, म्हणजे तारेच्या तीन गुंडाळ्या, तिन्ही सारख्या हव्यात. दोन फेजचे फेरे रामरावआबांनी मोजले, साठीचे ज्वारी पिकवणारे शेतकरी. तिसऱ्याचे कलाबाईंनी मोजले. त्या गावच्या शाळेत जेवण शिजवायच्या आणि बाईंच्या वर्गात सगळ्यांत आधी यायच्या. बाई जवळ स्टूलवर बसून होत्या. हात मांडीवर. त्यांनी तारेला बोट लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोटार बोअरमध्ये सोडली. साहेब आले. सगळं गाव आलं. कलाबाईंनी बटन दाबलं. नळाला जरा पाणी आलं, मोटार घरघरली आणि स्टार्टर पडला, मोटार बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. मीटर लावून बघितलं तर तिसरी फेज बाकीच्या दोन्हींपेक्षा वेगळाच आकडा दाखवत होती.

साहेबांनी किल्ली उचलली.

"दो दिन," बाई म्हणाल्या. "आप का ठेकेदार तो आठ दिन में आएगा." गावानं माना हलवल्या. साहेबांनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "ठीक है. दो दिन मेरे पास रहेगी."

मी बाईंना बाजूला घेतलं. "तुम्ही स्वतः भरा. तुम्हाला एका दिवसाचं काम आहे. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरलो नाही. "मी हात लावला तं मोटार चालन, भाऊ. पन मंग याइले जमत नाई, हे तुमच्या सायबाचं म्हननं खरं होईन. मी हे मरेपर्यंत होऊ देनार नाई."

गोदाम तर बंद. मोटार बोअरशेजारच्या लिंबाखाली आणली. बाईंनी दोघांना समोर बसवलं. "कसं मोजलं ते मले मोजून दाखवा. तारेशिवाय. नुसतं तोंडानं."

रामरावआबांनी सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन, चार..."

कलाबाई म्हणाल्या, "लाभ, एक, दोन, तीन..."

तुम्ही धान्य मोजताना पाहिलं असेल, तर काय झालं ते कळलं असेल. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. आबांच्या घरी लाभ म्हणजेच एक. कलाबाईंच्या माहेरी लाभ देवाचा, तो मोजणीत धरायचा नाही, मोजणी त्याच्या पुढून. तिसऱ्या फेजच्या प्रत्येक खाचेत एकेक फेरा जास्त भरला होता.

दोघांची जुंपली. "लाभ म्हंजे एक नाई त काय शून्य?" आबा म्हणाले. "देवाचं माप कोनी मोजते का?" कलाबाई ओरडल्या. बाई आधी दोघांकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाल्या.

"चूक माझी हाये," म्हणाल्या. "तीस वर्षं शिकवलं, पन तुमी मोजता कसे, हे कधी विचारलंच नाई. मले वाटे, मोजनं सगळ्याइचं एकच."

इतक्या वर्षांत कुणा मास्तराच्या तोंडून "चूक माझी" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

कलाबाईंनी तिसरी फेज सगळी उसवली आणि एकटीनं पुन्हा भरली. आबा पलीकडून ओढत होते आणि दोघं एका सुरात मोजत होते, एकपासून. आजूबाजूला पाण्याच्या रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया बसल्या होत्या, त्याही मोजायला लागल्या. लिंबाखाली शाळा भरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मोटार सोडली. आवाज एकसारखा लागला, मीटरवर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले आणि अर्ध्या तासात टाकीतून पाणी ओसंडलं. बायांनी घागरी सोडून एकमेकींवर पाणी उडवलं. साहेब नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि किल्ली काही न बोलता कलाबाईंच्या हातात दिली. बाईंच्या नाही, कलाबाईंच्या. माणूस वाईट नव्हता, हे मी म्हटलंच होतं.

नोटीस मात्र रद्द झाली नाही. आमच्याकडे कागद रद्द होत नाहीत, फाइलमध्ये झोपतात. बाई पुढची दोन वर्षं रोज दोन बस बदलून जात राहिल्या. गेल्या हिवाळ्यात तीन दिवसांच्या आजारात गेल्या. गल्लीत एवढी माणसं कुणाच्या मयतीला मी पाहिली नव्हती. निम्म्यांच्या नखांत ग्रीस होतं.

साहेबांची बदली झाली होती. नव्यांनी झोपलेली फाइल उठवली. संचालिका मयत, सबब गोदाम ताब्यात घ्यावे. टाइप मी केलं. घेऊनही मीच गेलो.

गोदामात वीसेक माणसं बसली होती. एका म्हातारीपुढं शिलाई मशीन होतं, कलाबाई तिच्याशेजारी हात मागं बांधून उभ्या होत्या. मी तेलगूतला कागद मराठीत वाचून दाखवला.

"कोनाच्या नावानं हाये?" कलाबाईंनी विचारलं.

"बाईंच्या."

"मंग त्याइले द्या."

"अहो, त्या आता नाहीत ना."

"मंग वापस घेऊन जा, भाऊ. आमाले काम हाये." आणि त्या म्हातारीकडे वळल्या. बाकीच्यांनी तर मान वर करून बघितलंही नाही.

इतकी वर्षं नोकरी केली, अपमान पुष्कळ झाले. हा एकच असा, की ज्यानं माझी छाती फुगली. बाहेर येऊन स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला आणि रिपोर्ट लिहिला. सदर व्यक्ती गावी मिळून आली नाही, सबब नोटीस तामील झाली नाही. नियमाप्रमाणे इथं सही करून थांबायचं असतं. मी सहीच्या वर आणखी एक ओळ लिहिली. वर्ग चालू आहे.