तीनदा परत आलेली गाडी

आमच्या गावात कुणाला काही मोठं विकत घ्यायचं असलं की तो दैवशालाकाकूला संगं नेतो. शेळ्या असोत, लग्नाचा बस्ता असो, नाहीतर जुना फ्रीज. काकूचं माहेर टेंभुर्णी. वडील गुरांच्या बाजारात दलाली करायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ही लहानगी त्यांच्या धोतराला धरून शेजारी उभी असायची. सौदा कसा करायचा ते ती तिथंच शिकली. लग्न होऊन इकडं बदनापूरजवळ आली, शेळ्यांची घेणी-देणी सुरू केली, आणि बघता बघता अर्ध्या तालुक्याचे व्यापारी तिला बघून कपाळाला हात लावायला लागले.

तिचं एक म्हणणं होतं. "भाव म्हंजी दुखनं. इकनाऱ्याला दुखलं पायजे आन घेनाऱ्याला बी. कुनालाच दुखलं न्हाई तर समजायचं, माल त्याचा नव्हताच."

नवरा कल्याणकाका अगदी उलटा. भाजीवाला सांगेल तो भाव देऊन येणारा. जालन्याच्या कारखान्यातल्या सळया भरून दुसऱ्यांच्या ट्रका चालवण्यात त्याची उमर गेली. बायकोला तो कधी नावानं हाक मारत नाही. मुलगा झाल्यापासून 'बबलूची माय', बस. बबलू पुण्याला कंपनीत लागला तेव्हा काकानं पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. "सोताची एक गाडी पायजे व्हती," एवढंच म्हणाला. काकूनं त्या आठवड्यात शेळ्यांचा कळप विकला.

ही मागच्या पौषातली गोष्ट. सकाळपासून आभाळ आलेलं, उन्हाचा पत्ता नाही, वारं अंगाला झोंबत होतं. दोघं जालन्याला, मंठा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेले. मालक सोमेश्वर, पन्नाशीचा, गळ्यात मफलर, बोलायला गोड. त्यानं पुढच्या रांगेतल्या गाड्या दाखवल्या. काकूनं टायर बघितले, खालचे स्प्रिंगचे पाटे बघितले, चहाला नाही म्हणाली. सौदा व्हायच्या आधी चहा घेतला की जीभ मऊ पडते, असं ती मानते. मग एका गाडीवरून तिनं सोमेश्वरला असा धरला की त्या थंडीत त्यानं मफलर सैल केला. थोड्याशा रकमेवरून तो हातघाईवर आला, मुलाबाळांच्या शपथा घ्यायला लागला. काकू खूश होती. सौदा बराबर चालला होता.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की काका जवळ नाही.

तो यार्डाच्या पार मागं, भिंतीकडच्या कडुलिंबाखाली, एका सहा टायरच्या गाडीपाशी उभा होता. बाकीच्या गाड्यांवर बोटभर धूळ. ही मात्र आताच धुतल्यासारखी. चाकांभोवती गवत वाढून तिथंच वाळलं होतं, म्हणजे गाडी बरेच महिने हललेली नव्हती. पण लिंबाचा सगळा पाला गाडीच्या चहूबाजूंनी पडला होता, गाडीवर एक पान नव्हतं.

"ही केवढ्याला?" काकूनं विचारलं.

सोमेश्वरनं गाडीला पाठ केली. "नऊ लाख," म्हणाला.

काकूनं तिच्या सवयीनं थेट तळाला हात घातला. "सहा."

"ठीक हाये."

विहिरीत दगड टाकावा आणि आवाज येऊच नये, तसं झालं. काकूनं अजून खाली जाऊन बघितलं.

"सहा बी जास्तच व्हतेत. पाच."

"चालतंय, पाच."

"आन टायर?"

"नवे टाकून देतो."

"कागदं?"

"माझ्या खर्च्यानं करून देतो."

तो तिच्याकडं बघत नव्हता, गाडीकडंही नाही. गाडीला पाठ करून उभा होता आणि मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होता. आणखी खाली जायची काकूला छाती झाली नाही. हा असाच हो म्हणत राहिला आणि शेवटी गाडीसंगं वर पैसे द्यायला लागला तर?

काका तोवर केबिनमध्ये चढून बसला होता. त्याला खाली उतरवावं म्हणून काकू दुसऱ्या बाजूनं वर चढली. दोन सीटांच्या मधे इंजिनाचं झाकण असतं, त्यावर तिनं हात टेकला आणि झटक्यात उचलला. झाकण गरम होतं. चटका बसावा तसं नाही. निजलेल्या जनावराच्या पोटाला हात लावल्यावर लागतं, तसं ऊबदार.

"चालू केल्ती का तुमी?"

चावी तर सोमेश्वरच्या खिशात होती. काकाचे दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि तो गुणगुणत होता. आख्ख्या संसारात काकूनं त्याला गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं. मग मान न वळवता, जाड, खर्जातल्या आवाजात तो म्हणाला, "बेबे, नीट बस की. निघू आता."

काकू खाली उतरली. कशी उतरली ते तिला आठवत नाही. सरळ सोमेश्वरसमोर जाऊन उभी राहिली. "बेबी कोन हाये?"

सोमेश्वर शेजारच्या जुन्या टायरवर बसला. "कोन म्हणलं?"

"आमचे हे म्हणले. त्यायला त्या नावाचं मानूस ठाव न्हाई."

मग त्यानं सांगितलं. गाडी संपत नावाच्या माणसाची. परतूरच्या पुढं, आष्टीच्या अलीकडं एका वस्तीवर राहायचा. नागपूरहून येताना छातीत कळ आली. त्यानं गाडी बराबर साइडला लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टेरिंगवर मान टाकली. कुणाला खरचटलं देखील नाही. मयत ॲम्ब्युलन्समधून घरी गेली. हप्ते थकले होते, गाडी फायनान्सवाल्यांनी रस्त्यावरूनच ओढून आणली. बेबीनंदा त्याची बायको.

"मी ही तीनदा इकली, बाई," सोमेश्वर म्हणाला. "तिनी वेळा परत आली. घेनारे सोताच आनून लावतेत, चावी टेबलावर ठिवतेत आन जातेत. भांडन न्हाई, काई न्हाई. तिघायचं बोलनं एकच. माल कुठला बी भरा, भानावर आलं की गाडी बेबीनंदाच्या दारात. कोनत्या रस्त्यानं आलो ते एकाला बी सांगता येत न्हाई."

"आन आमाला सांगनार नव्हते तुमी."

"म्हणून तर भाव करीत नव्हतो. न्या वाटलं तर फुकट न्या. माझ्याच्यानं या गाडीकडं बघवत न्हाई."

दुसरं कुणी असतं तर तिथूनच घराकडं निघालं असतं. काकूही त्याच विचारानं काकाला हाताला धरायला गेली. तो मुकाट्यानं उतरला, त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला. "चांगली गाडी हाये, बबलूची माय. हीच घेऊ." मघाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. पण तोंडावर असा आनंद होता की तसा तिनं बबलू जन्मला तेव्हा बघितला होता, त्यानंतर नाही. त्या आनंदाची तिला भीती वाटली आणि त्याला नाही म्हणणंही जिवावर आलं.

उभ्या उभ्या तिला वडिलांचा बाजार आठवला. सौदा झाला, पैसे दिले, तरी मालक आपल्या हातानं कासरा घेणाऱ्याच्या हातात देत नाही तोवर बैल त्याचा होत नाही. जोरानं ओढून नेलेला बैल दावं तोडून जुन्या गोठ्याकडं पळतो. ही गाडी कुणी कुणाला दिलीच नव्हती.

"बेबीनंदाकडं चला," तिनं सोमेश्वरला सांगितलं. "तिच्या हातून चावी आली तर घेऊ. न्हाईतर तुमची गाडी तुमाला."

सोमेश्वरनं चावी दिली, पण केबिनमध्ये बसायला काही तयार झाला नाही. स्वतःच्या जीपमधून लांबून मागं येतो म्हणाला. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

वाटूर फाट्याला काकानं गाडी न विचारता वळवली. परतूर गेलं. पुढं कपाशीच्या रानातून कच्चा रस्ता फुटला तरी त्यानं कुणाला विचारलं नाही. या बाजूला तो कधी आला नव्हता. एका ठिकाणी दोन वाटा झाल्या तेव्हा काकूनं मुद्दाम म्हणलं, "डावीकडून असंल."

"उजवीकडून. डावीकडं ओढा हाये, भरलेली गाडी फसती."

मागचा हौदा रिकामा होता. काकूनं डावीकडं वाकून बघितलं. ओढा होता.

वस्तीवर पत्र्याचं एकच घर, दार लावलेलं. शेजारच्या रानातली कुत्री भुंकत धावत आली आणि गाडीपासून थोड्या अंतरावर गप बसली. मग हॉर्न वाजला, दोन बारके आणि एक लांब. काकाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

काकू दाराशी गेली. आतून बाईचा आवाज आला, "कोन बी असा, गाडी घेऊन जा."

"माय, मी बदनापूरकडली दैवशाला. बाई मानूस हाये. जरा बोलू दे."

दार बोटभर उघडलं. बेबीनंदा चाळिशीतली, अंगानं काटकुळी, नजर काकूच्या खांद्यावरून गाडीकडं. "तीनदा आली," ती म्हणाली. "मी दार उघडलं न्हाई. हॉर्न त्यायचाच हाये. दर खेपंला जाताना म्हनायचे, बेबे, वर ये की, एक चक्कर मारून आनतो. मी म्हनायची, काम हाये. कधी बसलेच न्हाई. आता न्यायला येऊन राह्यले, बाई. वर चढले तर उतरंन का मी?"

"चढू नको," काकू म्हणाली. "खाली हुभं राहून बोल. मी हाये संगं."

दोघी ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काका समोर बघत बसला होता. त्या जाड आवाजात म्हणाला, "बेबे, वर ये की."

बेबीनंदानं पदर तोंडात धरला. काकूनं तिचा दंड घट्ट पकडला. "ती येनार न्हाई."

इंजिन धडधडत होतं.

"लांब न्हाई म्हनत. जालन्यापर्यंत."

"न्हाई," काकू म्हणाली.

"परतूरपर्यंत चल."

"न्हाई."

"डांबरी रोडपर्यंत तरी." तो आवाज फाटला.

काकूनं हजार सौदे केले असतील. समोरचा उतरत आला की तिला चेव यायचा. इथं प्रत्येक 'न्हाई' तिच्या छातीत रुतत होतं. इकडं बेबीनंदाला दुखत होतं आणि वर ते जे काही होतं त्यालाही दुखत होतं. याच्या पुढं ते उतरू नये असं काकूला वाटलं. ती बेबीनंदाला हळूच म्हणाली, "तू काय देशील, ते सांग."

बेबीनंदा आत गेली. पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली आणि हात उंच करून तिनं तो खिडकीत धरला.

"प्या," ती म्हणाली. "शाळेत खिचडीचं काम लागलंय मला. बरी हाये मी. वाट बघत न्हाई आता. तुमी जा."

काकाच्या हातांनी तांब्या घेतला. घोट घोट करून पाणी संपलं, तांब्या परत तिच्या हातात आला. मग कुणी चावी न फिरवता इंजिन बंद पडलं.

काकाला ठसका लागला. "पानी लई गार हाये," तो आपल्या आवाजात म्हणाला. "कुठं आलोत आपन?"

बेबीनंदानं खिडकीतून हात घालून चावी काढली. ती काकूच्या तळहातावर ठेवली आणि वरून स्वतःच्या हातानं तिची मूठ मिटवली. झाकणाला काकूनं परत हात लावला तेव्हा ते लोखंडासारखं गार होतं.

सोमेश्वर जीपपाशीच उभा होता. काकू त्याच्याकडं गेली. "पाचाला न्हाई घेत मी. सहाला घेते. पन वरचा एक लाख आत्ता हिच्या हातावर ठिवायचा, आन तुमच्या पाचातला एक बी." सोमेश्वर उसळला. दोघं ओट्यावर बसून घासाघीस करत राहिले, तो शपथा घ्यायला लागला, मफलर काढून मांडीवर ठेवला. शेवटी पाचातला अर्धा लाख द्यायला कबूल झाला आणि त्याचं तोंड कडू झालं. काकूला तेव्हा कुठं नीट श्वास घेता आला.

गाडी आता काकाच्या नावावर आहे. सळया नेते, मोसंबी नेते, नागपूरला जाऊन येते. त्या दिवसाचं काकानं विचारलं तेव्हा 'तुमाला डोळा लागल्ता' असं काकूनं सांगितलं, आणि त्यानं मानलं.

यंदाच्या संक्रांतीला बेबीनंदा आमच्या गावी आली, तिळगूळ घेऊन. काका ओसरीवर होता. अनोळखी बाई म्हणून त्यानं हात जोडले, "या ताई, बसा," म्हणाला. ती बसली. मोसंबीला यंदा भाव काय, बबलू कुठं असतो, असलं काहीबाही ती त्यालाच विचारत राहिली आणि तो कमी बोलणारा माणूस जमेल तशी उत्तरं देत राहिला. ती डोळे मिटून ऐकत होती.

संध्याकाळी काकू तिला सोडायला बदनापूर स्टेशनवर गेली. "आवाज दुसराच हाये," बेबीनंदा बाकावर बसता बसता म्हणाली. तिला हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे काकूला ओळखता आलं नाही. परतूरकडची गाडी उशिरा होती. काकूनं दोन चहा आणले, आणि गाडी येईपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.