ड्युटीवरची फुप्फुसं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीटसं कळत नाही.

मी डॉक्टर. एमडीच्या प्रबंधासाठी भिवंडीतल्या लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांची फुप्फुसं तपासायचं ठरवलं. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्याच्या मालकांनी, करीमभाईंनी, आनंदानं परवानगी दिली. वर म्हणाले, "धुळीनं तरास व्हतो असं निघालं तर पंखे बसवतो. तुम्ही सांगाल तसं." भला माणूस.

आता अभ्यास करायचा कसा? एक तर आज जे कामावर आहेत त्यांना एकदाच तपासायचं. नाहीतर काम सोडून गेलेल्यांनाही हुडकायचं — भिवंडीजवळच्या कोन गावातल्या खोल्यांतून, जमलं तर त्यांच्या गावापर्यंत. ज्याला दम लागतो तो लूमवर टिकेल कशाला? मग उरलेले सगळे धडधाकटच दिसणार! हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण मला लवकर मोकळं व्हायचं होतं, आणि वणवण करायचा कंटाळा होता. मी सोपा मार्ग घेतला.

तपासणीच्या दिवशी मी एकेकाला यंत्राच्या नळीत फुंकायला लावत होते, तेव्हा रशीद आला. पहिल्या भेटीत लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्यानंच मला सगळं काम समजावलं होतं. आता त्याचं काम सुटलं होतं. कोनहून रिक्षानं आला आणि पायरीवर बसून राहिला — दम खात.

"मॅडम, मेरा भी फूँक के देख लो ना."

"तुम अभी ड्युटी पे नहीं हो. ये सिर्फ ड्युटीवालों का है."

"अच्छा," म्हणाला, आणि हळूहळू निघून गेला. मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. माझे आकडे बिघडणार नव्हते. स्टेथोस्कोप गळ्यातच होता — तोसुद्धा मी त्याच्या छातीला लावला नाही.

निष्कर्ष निघाला: कामगारांना विशेष त्रास नाही. करीमभाई खूश. "म्हंजे आमची हवा चांगली हाय तर!" मी मान हलवली. पंखे बसले नाहीत, अजूनही नाहीत.

आता मी असे अभ्यास कसे करायचे, हाच विषय शिकवते. दरवर्षी सांगते, एका विद्यार्थिनीनं अशी अशी चूक केली. मुलं हसतात. मीही हसते. पण चूक कसली — चूक नकळत होते. ती विद्यार्थिनी मी, आणि मला सगळं कळत होतं.

रशीदचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. माझी गाडी रोज कोनवरून जाते. मी तिथे एकदाही थांबलेले नाही.