रेखा इथं राहत नाही

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती ती पृथ्वीमुळे. हसू नका! आत्ताच हसलात तर पुढं काय कराल?

आमची सई तेव्हा पाच वर्षांची. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, सूर्य रात्री कुठं जातो?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "झोपतो." आणि भाकरी तव्यावर टाकता टाकता चरकले. मी बी.एस्सी. झालेली बाई! लेकीला पहिलावहिला शास्त्राचा प्रश्न पडला आणि मी चक्क थाप मारली? आता ही शाळेत सांगणार, सूर्य झोपतो. बाई विचारणार, कुणी सांगितलं? ही सांगणार, आईनं. झालं! त्या रात्री सूर्य सोडून झोपलं कोणीच नाही. म्हणजे मी तरी नाही.

म्हणून मला पृथ्वीचा गोल हवा होता. साधा नव्हे, आतून दिवा लागणारा. म्हणजे एका बाजूला उजेड, एका बाजूला अंधार दाखवता येईल, असं आपलं माझं डोकं. आमच्या जालन्यात मस्तगडातल्या दुकानात गोल होते, पण त्यांचा जोड नेमका आपल्याच देशावरून गेलेला. अख्खा मराठवाडा चिकटपट्टीखाली!

तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफीकभाईंनी नेट कॅफे काढलं होतं. तिथं पडद्यावर मला तो गोल दिसला. निळाशार, पोटात दिवा लागलेला. शिकवण्यांचे साठवलेले पैसे बँकेत होते, बँकेचं कार्ड पर्समध्ये होतं. मी खुर्ची पुढं ओढली.

"भाभी, कार्डावर जे नाव हाय तेच बराबर टाका," रफीकभाई मागून म्हणाले. "न्हाई तर पैसे अटकतील."

मी बराबर टाकलं. एक बटण दाबलं आणि पैसे गेले. इतके जल्दी पैसे जाताना मी जन्मात पाहिले नव्हते. बाजारात निदान पाकीट उघडेपर्यंत विचार बदलता येतो हो!

मग काय? मग काहीच नाही.

सई रोज शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "आई, पृथ्वी आली का?" शेजारच्या काकू विचारायला लागल्या, "पोरीला काही बाधलं का गं?"

आमचे हे नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत. बियाणं उगवलं नाही म्हणून भांडायला येणारी माणसं दिवसभर बघतात, त्यामुळं यांचा कशावरच विश्वास नाही. "कॉम्प्युटरला पैसे दिले?" हे म्हणाले. "अगं, आपल्याकडं पेंड घेताना लोक पोत्यात हात घालून बघतात! तुझ्या दुकानदाराचं तोंड तरी बघितलं का?"

"दुकानाचं चित्र होतं," मी म्हटलं. यावर ते नुसते हसले. ते हसणं मला आठवडाभर ऐकू येत होतं.

शेवटी रफीकभाईंनीच रस्ता दाखवला. "भाभी, कार्डानं पैसे दिले ना? मंग बँकेत तक्रार टाका. माल आलाच न्हाई म्हणा. बँक दुकानाला इचारते. माल पोचवला हे दुकानवाल्याला शाबित करावं लागतं. न्हाई केलं तर पैसे वापस."

"म्हणजे सिद्ध त्यानं करायचं? मी नाही?"

"बिलकुल!"

मला इतकं नवल वाटलं म्हणून सांगू! जन्मभर प्रत्येक गोष्ट मीच सिद्ध करत आलेली. वरण पातळ का झालं, परतायला उशीर का झाला, पोरगी का खोकते. आणि जगात एक अशी जागा निघाली, जिथं मी नुसती बसणार आणि सिद्ध दुसरा करणार! मी घरी येऊन तक्रार लिहिली. अशी लिहिली की वाचणाऱ्याला घाम फुटावा. 'आमच्या घरी कोणीही आले नाही. घरात सदैव जबाबदार माणूस असते. ही उघड फसवणूक आहे.' 'उघड'खाली रेघ मारली. मग वाटलं फारच झालं. मग वाटलं, राहू दे.

काही दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. दुकानाचं उत्तर आलं होतं. ते म्हणे, आमचा माणूस माल घेऊन घरी गेला होता आणि त्याला हाकलून दिलं.

"खोटं!" मी यांना म्हटलं. "चक्क खोटं! मी साक्षीदारच घेऊन जाते."

साक्षीदार म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई. मूळच्या अंबडकडच्या. जबाबदार माणूस कसं असावं तर असं. सकाळी ओट्यावर बसल्या की दिवेलागणीपर्यंत त्यांच्या नजरेखालून मांजरसुद्धा विचारल्याशिवाय जात नाही. मी त्यांना इस्त्रीचं लुगडं नेसवलं, रिक्षात बसवलं आणि रस्ताभर समजावलं, "आत्याबाई, घाबरायचं नाही. जे खरं ते सांगायचं."

"म्या कामून घाबरू? म्या काय कॉम्प्युटरला पैसे देल्ते का?"

घ्या!

बँकेतले साहेब सज्जन होते. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली, दोघींना पाणी दिलं. "आजी, तुमच्या दारात कोणी खोकं घेऊन आलता का हो?"

"आल्ता की!"

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तिथंच राहिला.

"दोनदा आल्ता," आत्याबाई उत्साहानं पुढं सरकल्या. "उंच, मिशाळ माणूस. कोन्या रेखा जाधवचं सामान हाय म्हने. म्या म्हनलं, बाबा, इथं कोनी रेखा न्हाई. त्यो म्हने, पत्ता हाच हाय. मंग म्या चिडले. म्हनलं, तरन्याताठ्या बायांची नावं घेत दारोदार हिंडून राह्यला, लाज न्हाई वाटत? चप्पल उचलली तव्हा गेला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"आत्याबाई," मी हळूच म्हटलं, "रेखा मीच आहे."

"तू?" आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "तू तर मेघना!"

आता तुम्हीच सांगा, कोण चुकलं? लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात यांनी अंगठीनं 'मेघना' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि माहेरची रेखा जाधव त्या तांदळांबरोबर डब्यात गेली. पण बँकेचं खातं माझं कॉलेजातलं. तिथं नाव बदलायचं म्हणजे शपथपत्र, गॅझेट, फोटो, खेटे! म्हटलं, राहू दे, कुणाला काय फरक पडतो? म्हणून बँकेत मी रेखाच राहिले, आणि घरात सहा वर्षं मला त्या नावानं कोणी हाक मारली नाही.

"लग्नपत्रिकेत व्हतं की रेखा," आत्याबाईंना आता आठवलं. "पर नाव बदलल्यावर जुनं कोन ध्यानात ठिवतं, मायबाई? आन् सायेब, हिनं तरी मला सांगायचं ना, की माझं जुनं नाव येनार हाय म्हनून!"

साहेबांनी मान डोलावली. मीसुद्धा डोलावली असती, पण तक्रार माझी होती ना.

मग मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "साहेब, आत्याबाईंचं वय झालंय. पण दुकानवाल्यांनी फोन तरी करायचा! नंबर दिला होता मी. फोनवर मी बोलले असते. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईशी बोलले असते तर हा गोंधळ झालाच नसता."

साहेब थोडे घुटमळले. "फोन केल्ता म्हणतात ते. घरातल्या तरुण बाईंनी उचलला."

"आणि?"

"त्या म्हणाल्या, 'रेखा इथं राहत नाही. राँग नंबर.' आणि ठेवून दिला."

दूध! त्या दिवशी दूध ओट्यावर पसरत होतं, सई रडत होती, फोन वाजत होता. रेखा जाधव आहेत का? नाहीत हो, नाहीत! मीच म्हटलं होतं, माझ्याच तोंडानं! आत्याबाई निदान दुसऱ्याला विसरल्या होत्या. मी?

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडत नव्हत्या, हे सांगायला नको.

साहेब हसू दाबत म्हणाले, "ताई, त्यांनी माल आणला होता. न घेणाऱ्या तुम्ही. तक्रार काही टिकत नाही. पण खोकं त्यांच्याकडं परत पोचलंय. पुन्हा पाठवा म्हणून कळवतो. फक्त ह्या खेपेला रेखाला घरी राहायला सांगा!"

रिक्षात आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "आनखी कोन्या नावाचं काही येनार हाय का? एकदाच सांगून ठिव."

त्या दिवसापासून घरात तयारी सुरू झाली. हे सकाळी निघताना म्हणायचे, "येतो गं रेखा." आत्याबाई ओट्यावर बसून नाव घोकायच्या. आणि एके दिवशी दुपारी हाक आली, "रेखा जाधवऽऽ!" तोच मिशाळ माणूस, पण ओट्यापासून चांगला चार हात लांब उभा.

"हाय! हाय! रेखा हायच!" आत्याबाई ओरडल्या. मी पिठाच्या हातानं धावत सुटले, माझ्यामागं सई. खोकं समोर होतं. माझा ऊर भरून आला. त्यानं कागद पुढं केला, "इथं सही करा." मी झोकात सही केली.

त्यानं सही वाचली. खोकं मागं ओढलं. "बाई, हे मेघनाचं न्हाई. रेखाचं हाय."

मी सही बघितली. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. आणि सई पुढं झाली, त्याचा शर्ट ओढत अगदी समजुतीनं म्हणाली, "काका, तुम्ही आजीला विचारा ना. आई कोण आहे ते आईला नक्की माहीत नाही."